जुन्या शेतात मेटल डिटेक्टर कसा फिरवावा: इंदूर परिसरातल्या नवशिक्यांसाठी

सांवेर, देपालपूर, महू या बाजूंना अनेक मराठी घरांची जुनी शेती आहे. कुणाला होळकरशाहीत इनाम मिळालेली, कुणाच्या पणजोबांनी दरबारच्या नोकरीत पैसा पैसा साठवून घेतलेली. आता घरातलं कोणी औताला हात लावत नाही, जमीन वाट्याने दिलेली असते, आणि वर्षातून दोनदा हिशेबाला जाणं होतं. अशा शेतात मेटल डिटेक्टर नेतोय म्हटलं की घरात पहिला शब्द निघतो तो गुप्तधन. तो शब्द घरीच ठेवून निघा. तुम्हाला सापडणार आहेत ते खिळे, बैलांच्या नाला, एखादं घुंगरू, घासून गुळगुळीत झालेला तांब्याचा पैसा. पण या वस्तू कुठे सापडल्या याची नीट नोंद ठेवलीत तर गाडीवाट कुठून जात होती, मोट कुठल्या विहिरीवर चालायची, खळं कुठे होतं, हे कुठल्याच कागदावर नसलेलं तुमच्या हाती येतं. छंद खरा एवढ्यासाठीच करायचा.

आधी कागद आणि कायदा

महाराष्ट्रातले नातेवाईक सातबारा सातबारा करतात; इथे तुम्हाला खसरा आणि बी-वन या जमिनीच्या नोंदींची नक्कल काढायची आहे. त्यावर जितकी नावं असतील तितक्यांची लेखी संमती घ्या. पुण्यात स्थायिक झालेल्या काकांचं नाव असेल तर त्यांचीही. एखादी बरी वस्तू निघाली की एरवी कधी फोन न करणारे भाऊबंदही फोन करतात, म्हणून कागद आधी झालेला बरा. जमीन वाट्याने करणाऱ्याला मात्र कागदाने नाही, प्रत्यक्ष जाऊन सांगा. वयस्कर असेल तर ‘दा साब’ म्हणून हाक मारा, चहा घ्या, काय शोधायचं आहे आणि काय नाही ते समजावा. शेतात रोज वावरणारा तो आहे. गावच्या कोटवारालाही, म्हणजे चौकीदारालाही, कल्पना द्या. न सांगता शेतात यंत्र फिरवणारा माणूस दिसला की संध्याकाळपर्यंत गावभर हंडा सापडल्याची बातमी होते, आणि मग रात्री कुदळी घेऊन येणारे वेगळेच असतात.

आता कायदा. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, काही किंमत असलेली वस्तू म्हणजे या कायद्यात ‘ट्रेझर’. तिची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडल्यावर कलेक्टरला लेखी कळवणं बंधनकारक आहे: काय सापडलं, अंदाजे किमतीचं किती, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा ती हजर करण्याची हमी द्यायची. १८७८ मध्ये १० रुपये ही मोठी रक्कम होती. कायद्यातला आकडा मात्र तोच राहिला, त्यामुळे आज चांदीचा एक रुपया निघाला तरी तुम्ही त्या मर्यादेच्या पुढे गेलेले असता. वस्तू कुणाच्या पूर्वजांनी पुरलेली असं सिद्ध झालं नाही, आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचं आणि एक चतुर्थांश मालकाचं. सरकारला ती हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन ते घेऊ शकतं. आणि जो लपवतो त्याचा वाटा तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. लपवण्यात सामील झालेल्या मालकालाही शिक्षा आहे.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुनं नाणं, मूर्ती, धातुकाम हे सगळं पुरावशेष. परवान्याशिवाय त्याचा व्यापार नाही आणि खासगी माणसाने ते देशाबाहेर पाठवणं तर नाहीच. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून होळकरी नाणं कुरियर करायचं मनात आलं तर ते तिथेच सोडून द्या.

तिसरी गोष्ट जागेची. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटर हा प्रतिबंधित पट्टा आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. राज्याची संरक्षित स्मारकं वेगळी आहेत. तुमच्या शेताला लागून जुनी छत्री, बावडी, गढी असेल तर ती संरक्षित यादीत आहे का हे आधी विचारा. आग्रा-मुंबई रस्त्यावरचं केंद्रीय संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याचंच आहे, चौकशी तिथून सुरू करता येते. यंत्र बाहेर काढण्यापूर्वी एक साधा अर्ज कलेक्टर कचेरीत आणि पुरातत्त्व खात्यात देऊन पोच घेऊन ठेवा: अमुक खसरा नंबर, आमची खासगी जमीन, नांगरलेल्या थरापुरतंच काम, काही निघालं तर कळवू. उत्तरात काही अटी घातल्या तर त्या पाळायच्या आणि नाही म्हटलं तर नाही. महूच्या बाजूला लष्कराची जमीन बरीच आहे. तिच्या कुंपणाजवळसुद्धा जायचं नाही.

एक वीत, त्याखाली नाही

नवशिक्याने एकच नियम पाठ करायचा असेल तर हा. नांगर जिथवर जातो तिथवरची माती वर्षानुवर्षं उलटीपालटी झालेली असते. त्यातून खिळा उचलला तर फारसं काही मोडत नाही, फक्त जागेची नोंद हवी. त्याखालची माती मात्र थराथरांनी बसलेली असते. कोणता थर कोणावर आहे, कोणत्या थरात कसलं खापर आहे, यावरून पुरातत्त्ववाले काळ ठरवतात. तिथे आपण खड्डा केला की ती सगळी वाचनीय गोष्ट गेली, आणि परत जोडता येत नाही. शिवाय जुने अवशेष शोधण्यासाठी केलेलं खोदकाम म्हणजे उत्खनन, आणि त्याला सरकारी परवानगी लागते. म्हणून खुरपीच्या पात्यावर एक वितीची, म्हणजे नऊ इंचांची, खूण करून घ्या. इशारा त्याहून खोल येत असेल तर जागा टिपा आणि पुढे चला.

शेतात काळ्या मातीत मध्येच पांढुरक्या, राखट मातीचा उंचवटा लागला, त्यावर खापरांचे तुकडे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या विटा पसरलेल्या दिसल्या, तर तिथे यंत्र बंद करायचं. ही जुनी वस्ती. माळव्यात अशा टेकाडांखाली ताम्रपाषाण काळापर्यंतचं काही असू शकतं. महेश्वरसमोर नर्मदेपलीकडे नावडाटोलीला १९५० च्या दशकात तेच निघालं. फोटो काढा, जागा टिपा, खात्याला कळवा.

यंत्र कोणतं घ्यावं

आधी काय घेऊ नये ते सांगतो. ‘तीस फूट खोल सोनं दाखवतो’, ‘अर्धा किलोमीटरवरून दिशा सांगतो’ असल्या जाहिराती फिरत असतात, पितळेच्या दोन वाकड्या सळ्या आणि वर एक डबी. त्यात काहीही नसतं. गुप्तधनाच्या नादाने लोक त्यावर लाखभर रुपये घालवतात. मॉलच्या दारात वॉचमनच्या हातात असतो तो दांडाही शेतात निरुपयोगी.

आपल्याला हवं ते साधं, हातात धरून फिरवायचं यंत्र. खालच्या चकतीतली कॉइल सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्यामुळे धातूत भोवरी प्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र उमटतं आणि ते दुसरी कॉइल पकडते. धातू कोणता, यावर परतणाऱ्या लहरीचं मागेपुढे होणं अवलंबून असतं, आणि पडद्यावरचा आकडा त्यातूनच येतो. अकरा इंची कॉइल असलेलं यंत्र चांगल्या मातीत आडवं पडलेलं पैशाएवढं नाणं वीतभर खोलीवर पकडतं. आपल्या मातीत त्याहून कमी.

कारण आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली, त्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण भरपूर. यंत्राला ती माती म्हणजेच धातू वाटतो आणि ते सारखं कुरकुरत राहतं. म्हणून खरेदी करताना एकच प्रश्न विचारा: ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वगळायची जुळवणी, करता येतो का? मिनलॅब व्हँक्विशसारखी यंत्रं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालतात आणि बॅलन्स स्वतः सांभाळतात. नोक्ता सिम्प्लेक्समध्ये एकच फ्रिक्वेन्सी, पण बॅलन्स आपल्याला करता येतो. ज्यात तो कारखान्यातून कायमचा ठरवून दिलेला आहे असं स्वस्त यंत्र रेताड जमिनीत चालेल, सांवेरच्या काळीत डोकं उठवेल. सोबत एक पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात धरायचा छोटा दांडा, आणि हेडफोन. बाकी सामान घरातलंच: खुरपी, रुंद तोंडाची बादली, ताडपत्रीचा तुकडा, प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या, पेन्सिल, वही.

हंगाम आणि वाफसा

सोयाबीन निघून गव्हा-हरभऱ्याची पेरणी व्हायची असते ते दिवस सोन्याचे. शेत मोकळं, मातीत ओल, ऊन सोसवेल इतकं. पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, दिला असेल तर वाफसा येईपर्यंत थांबा. चिकट मातीत कॉइलला दोन किलोचा गोळा लागतो आणि खड्डा नीट बुजत नाही. मार्चमध्ये गहू निघाल्यावरही वेळ मिळतो, पण तोवर जमीन कडक व्हायला लागते. मे महिन्यात काळी माती दगड झालेली असते आणि भेगा पडतात. त्या भेगांकडे नीट बघा, हात जाईल इतक्या रुंद असतात. वर पडलेली वस्तू त्यात खाली जाते, पाऊस आला की भेग मिटते, आणि वस्तू तिथेच राहते. त्यामुळे इथे खोलीवरून वय ठरवता येत नाही. १९४३ पासून निघालेला भोकाचा पैसा खाली आणि त्याच्या शंभर वर्षं आधीचा तुकडा वर, असं सर्रास होतं. आणि हो, त्याच भेगांत घोणस आणि नाग असतात. घोट्याच्या वर जाणारे बूट, भेगेत हात नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं.

सुरुवात कुठून

सगळं शेत फिरायला घेऊ नका. वीस बिघ्यांत कुठेही कॉइल टाकली तर दिवसाच्या शेवटी हातात ट्रॅक्टरचे बोल्ट आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या राहतात. आधी माणसांना विचारा. जुना रस्ता कुठून होता? ज्या विहिरीवर आता मोटर आहे तिच्यावर मोट चालायची का? धान्याचं पेव कुठे होतं? आंब्याचं झाड कधी तोडलं?

पूर्वी पैसे खिशात नसत, कनवटीला असत. धोतराची गाठ सैल होते ती माणूस वाकतो, बसतो, ओझं उचलतो तेव्हा. म्हणून वस्तू पडतात त्या वाकण्याच्या जागी. खळं हे पहिलं: मळणी, उफणणी, बलुतेदारांना वाटप, सगळं तिथेच. दुसरी जागा मोटेच्या विहिरीची. बैल ज्या उतारावर मागेपुढे जात ती धाव अजूनही बऱ्याच विहिरींना ओळखता येते, एका बाजूला जमीन विहिरीपासून दूर उतरत गेलेली असते. धावेवर नाला आणि नालांचे खिळे, मोटेचं पाणी जिथे ओततात त्या थारोळ्याजवळ माणसं पाणी प्यायला, हातपाय धुवायला वाकत तिथे नाणी, अंगठी, जोडवं. मग झाडाची सावली, बांधावरून वाट ओलांडायची जागा, ओढ्याचा उतार. विहिरीच्या कठड्याच्या अगदी जवळ मात्र जाऊ नका, जुनी बांधणी ढासळते.

एक जागा निवडून दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखा. जिथे धातू नाही अशा ठिकाणी कॉइल जमिनीजवळ आणि वर अशी चार-सहा वेळा हलवून ग्राउंड बॅलन्स करा. आवाज दोन्हीकडे सारखा आला की झालं. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक इशारा पकडायची ताकद, पूर्ण वाढवायचा मोह होतो. कमीच ठेवा. शेतावरून हायटेन्शन लाइन जात असेल किंवा मोटर चालू असेल तर आणखी कमी. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर, सपाट, आणि दोन्ही टोकांना वर न उचलता फिरवायची. झाडू मारताना मनगट शेवटी वर जातं तसं इथे झालं की कडेची वस्तू सुटते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली हवी. चौकोन उभा झाला की तोच आडवा फिरा.

लोखंड गाळण्याची सोय, डिस्क्रिमिनेशन, सुरुवातीला बंद ठेवा. बहुतेक लोक ती पहिल्याच दिवशी चालू करतात, कारण लोखंड कुणालाच नको असतं. पण शेताची खरी हकिगत लोखंडच सांगतं. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याची नाल दोन वेगवेगळ्या चपट्या चंद्रकोरींची असते. घोड्याची एकसंध, कमानीसारखी. एका ओळीत पंधरा-वीस हातांवर बैलनालांचे तुकडे मिळत गेले तर तुम्ही गाडीवाटेवर उभे आहात. चाकाभोवतीच्या लोखंडी पट्टीचा तुकडा, आखाची खीळ, मोटेच्या तोंडाची कडी, कोळप्याची पास हे सगळं वहीत मांडलं की शेताचा जुना नकाशा हळूहळू दिसायला लागतो. घोड्याची नाल मिळाली तर आणखी विचार करा: १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, इंदूर राजधानी झाली आणि महूची छावणी वसली, तेव्हापासून या दोन ठिकाणांमधली वर्दळ वाढतच गेली. एका नालेवरून निष्कर्ष काढू नका, पण नोंद हवीच.

खणणं

इशारा दोन्ही दिशांनी, म्हणजे नव्वद अंशांत फिरून, सारखा येतो का बघा. एका दिशेने खणखणीत आणि दुसऱ्या दिशेने तुटक आला तर बहुधा आडवा खिळा. मोठा पत्राही तांब्यासारखा आकडा दाखवून फसवतो. कॉइल वर उचलूनही आवाज तसाच जोरात राहिला तर वस्तू मोठी आहे. नंतर कॉइलने फुलीचा अंदाज घेऊन नेमकी जागा धरा.

खुरपीने तीन बाजूंनी काप घ्या, चौथी बाजू जोडलेली ठेवून मातीची ढेप उलटी करा. सुटी माती ताडपत्रीवर. पिनपॉइंटर आधी ढेपेवर फिरवा, मग खड्ड्यात. खुरपीचं टोक वस्तूच्या दिशेने नाही, बाजूने. काम झालं की माती परत, ढेप जागेवर, पायाने दाब. ओळीच्या शेवटी मागे वळून बघितलं तर कुठे खणलं ते कळता कामा नये. बोअरची केबल आणि ठिबकच्या नळ्या कुठून गेल्यात ते आधीच विचारून घ्या. लांबच लांब सरळ रेषेत येणारा इशारा केबलचा असतो.

जाड नळकांड्यासारखं, टोकदार, गंजलेलं काही दिसलं आणि ते तोफगोळा किंवा काडतूस वाटलं तर हात लावू नका, हलवू नका, जागेवर खूण करून लांब जा आणि ११२ ला फोन करा. एका खड्ड्यात एकाहून जास्त नाणी दिसली, मडक्याची कड दिसली, तर तिथेच थांबा. बाकीची नाणी काढायची नाहीत. फोटो, वर ताडपत्री, एक माणूस राखणीला, आणि कलेक्टर कचेरी. नाणी एकत्र ज्या क्रमाने बसलीत त्यालाच अभ्यासकांच्या लेखी किंमत असते.

वही

प्रत्येक वस्तूला नंबर. तारीख, चौकोन, फोनवरचं जीपीएस, खोली बोटांत नाही सेंटिमीटरमध्ये, शेजारी पट्टी ठेवून फोटो. खिळ्यालासुद्धा. संध्याकाळी लिहू म्हटलं की कोणती पिशवी कुठली हे संपलं.

नाणं ओळखायला थोडी मदत. सूर्याचा चेहरा असलेला रुपया मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या, टांकसाळीचा. शिवलिंग आणि बेलपान महेश्वरचं. दोन्हींवर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचं, फारसीत, म्हणून ते पाहून मोगली ठरवू नका. बसलेला नंदी असलेलं तांब्याचं पाव आणा किंवा अर्धा आणा शिवाजीराव होळकरांच्या काळातलं. १९३५ च्या तांब्याच्या नाण्यांवर यशवंतरावांचा चेहरा आहे. ब्रिटिश पाव आणे सगळ्यांत जास्त मिळतात, १८३५ चे कंपनीचे आणि १८६२ नंतरचे राणीचे. सराफ्यात दाखवायला नेऊ नका. तिथे वजन बघतात.

धुणं, म्हणजे बहुतेक वेळा न धुणं

हिरवट नाणं घरी आणलं की कोणीतरी चिंच किंवा पितांबरी घेऊन उभं राहतंच. मायेनेच, पण अडवा. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर हीच नाण्याची कातडी. त्याच थरात अक्षरं टिकलेली असतात, घासलं की गुळगुळीत चकती उरते. शेतातही ओली माती अंगठ्याने चोळायची नाही, त्यातले वाळूचे कण ओरखडे काढतात. माती सावलीत सुकू द्या, मऊ ब्रशने किंवा बांबूच्या काडीने हलके काढा. चांदी फार तर शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवा. तांब्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी परत परत येत असेल तर ते गंजणं चालू आहे. ते नाणं इतरांपासून वेगळं, कोरड्या डबीत ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकारांना दाखवा.

लोखंड उलट ओलीत राहिलं की काही महिन्यांत पापुद्रे सुटून भुगा होतं. ते उन्हात नाही, सावलीत पूर्ण वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या पावसाळ्याच्या आधी बदला.